कराडला वाजलेली चेन

१

आष्ट्यातलं केरबा मिस्त्रींचं गॅरेज शुक्रवारी उघडलं नाही. शनिवारीही शटर खालीच होतं. अडतीस वर्षांत असं दोनदाच घडलं होतं. एकदा कृष्णेला पूर आला तेव्हा आणि एकदा मिस्त्रींच्या बायकोचं दिवसकार्य होतं तेव्हा.

माया बनसोडे स्कूटरचा ब्रेक बघून घ्यायला सांगलीहून आली होती. शटरपुढे ती दोन मिनिटं थांबली आणि गॅरेजच्या मागच्या घराकडे वळली. मिस्त्री ओट्यावर बसले होते. अंगावर धुतलेला सदरा होता आणि नखांतसुद्धा काळं नव्हतं. एवढे स्वच्छ हात तिनं त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"मामा, बरं नाही का?"

"बरं हाय की."

"मग शटर?"

"आता उघडणार न्हाई. बाहत्तर झाली, बास झालं."

मिस्त्रींकडे घरकाम करणाऱ्या धोंडुबाईंना हे बोलणं सहन झालं नाही. भांडं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बास कशाचं? तासगावच्या वीरधवलनं गुरुवारी बेदाण्याच्या भर सौद्यात ह्यांना चोर म्हटलंय. शंभर व्यापाऱ्यांपुढं. आन् हे बाबा इथं सदरा धुऊन बसल्यात!"

मग तुकड्यातुकड्यानं सगळी हकीकत कळली. तासगावच्या वीरधवल पाटलांचे थोरले भाऊ जयराज बोटीवर इंजिनिअर होते. त्यांची लाल, दोन दारांची, बत्तीस वर्षांची परदेशी स्पोर्ट्स कार ते वारल्यापासून ताडपत्रीखाली पडून होती. उन्हाळ्यात वीरधवलनं ती मिस्त्रींकडे आणली. इंजिन खडखडायचं, कारण आतली टायमिंग चेन झिजली होती. इंजिनाचा खालचा दांडा फिरतो आणि वरच्या झडपा उघडतात, मिटतात. दोघांचा मेळ ही चेन राखते. परदेशातून नवी चेन आली आणि ती ताणून धरणारा नवा टेन्शनरही आला. मिस्त्रींनी चार महिने खपून सगळं बसवलं, दोनशे किलोमीटर स्वतः चालवून पाहिलं आणि गाडी परत दिली.

पुढच्याच रविवारी वीरधवल ती घेऊन साताऱ्याला निघाला, आणि कराडला इंजिन खडखडायला लागलं. अगदी पहिल्यासारखं.

"गाडी तपासणारा सांगलीचा मेकॅनिक राजवर्धन म्हणला, ही जुनीच चेन हाय, नवी मिस्त्रीनं इकली," धोंडुबाई म्हणाल्या.

"आणि जुनी चेन कुठे आहे, मामा? तुम्ही तर काढलेलं सामान गिऱ्हाइकाला पोत्यात घालून देता."

"दिलं की. डिकीत ठेवलं हुतं. वीरधवल म्हणतो, पोतंच न्हाई."

मिस्त्री अंगणाकडे बघत म्हणाले, "चोर म्हटल्याचं काय न्हाई गं पोरी. चोर म्हटलं तर मानूस भांडतो. पर टेन्शनर येतो त्यो पिन लावून दाबलेला येतो. बसवला की पिन काढायची, मगच त्यो चेनीला ताण देतो. चेन बसवल्याली आठवतीया, बोल्ट आवळल्यालं आठवतंय. पिन काढल्याली आठवत न्हाई." त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "ह्या हातास्नीच इचारतोय दोन दिस. बोलंनात."

२

माया सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. आष्ट्याच्या गल्लीतली ही मुलगी तिथपर्यंत पोचली कशी, हे तिला आणि मिस्त्रींना नेमकं ठाऊक होतं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी एसटीचा संप लागला. मिस्त्रींनी गिऱ्हाइकाची मोटारसायकल काढली, "हिची ट्रायल घ्यायचीच हुती" म्हणाले आणि तिला सांगलीत परीक्षेच्या दारात नेऊन सोडलं. परीक्षा संपेपर्यंत ते बाहेर झाडाखाली बसून राहिले. तिनं कधी आभार मानले नव्हते. पंचवीस वर्षं झाली तरी शब्दच सापडले नव्हते.

आता ती फक्त एवढंच म्हणाली, "मामा, गाडीत घातलेल्या तेलातलं काही उरलंय का?"

"अर्धा कॅन हाय. कशाला?"

"माहीत नाही अजून. द्या."

मिस्त्रींनी शटर हातभर वर केलं, वाकून आत गेले आणि कॅन घेऊन आले. शटर पुन्हा खाली ओढलं.

"सोमवारी वीरधवल पोलिसात अर्ज देणार हाय," ते म्हणाले. "तू ह्यात पडू नगंस. त्या मान्साची जीभ लय वाईट."

माया तिथून थेट तासगावला गेली.

वीरधवलचं बेदाण्याचं शेड गावाबाहेर, द्राक्षबागेच्या कडेला होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बेदाण्याचा हंगाम अजून तीन महिने लांब, म्हणून शेडच्या आत रिकाम्या क्रेट रचून ठेवल्या होत्या. दाराशी ट्रॅक्टर चढावा म्हणून सिमेंटचा उतार केला होता. त्या उतारावर चाकांना लावतात तशा चार विटा पडलेल्या होत्या.

"तुम्ही मिस्त्रीच्या बाजूनं आलाय, मॅडम," वीरधवलनं बसायलाही सांगितलं नाही. "सरळ बोला."

"मी आवाजाच्या बाजूनं आलेय. तो पहिल्यांदा कधी आला?"

असा प्रश्न वीरधवलला कुणी विचारला नव्हता.

"कराडला. इथून निघालो, पलूस गेलं, काही नाही. काय चालत होती म्हणून सांगू! कराडच्या चौकात थांबलो आणि खडखड सुरू. रेस केली की कमी व्हायचा, थांबलं की परत. साताऱ्यात पोचेपर्यंत तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यागत." त्याचा आवाज उतरला. "वहिनी दारात उभ्या होत्या. दादा गेल्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. एक चक्कर मारतो म्हणून महिनाभर सांगत होतो. आवाज ऐकला आणि म्हणाल्या, राहू दे भाऊजी, हे असंच वाजायचं त्यांच्या शेवटच्या दिवसांत. आत निघून गेल्या. मग मी किल्ली काढली, ट्रक मागवला आणि गाडी राजवर्धनकडं धाडली. पुढं चालवलीच नाही."

"आणि निघताना, थंड इंजिनावर आवाज नव्हता?"

"अजिबात नाही."

मायानं मनात एका पिनेवर काट मारली. पिन अडकून राहिली असती तर चेन पहिल्या सेकंदापासून सैल असती. ती थंड असतानाही वाजली असती आणि मिस्त्रींच्या दोनशे किलोमीटरमध्येही वाजली असती.

"गाडी मिस्त्रींकडून आल्यावर इथं किती दिवस होती?"

"आठ. त्या उतारावर, तोंड शेडकडं करून उभी होती, आत जागा नव्हती. नाथाजी बघायचा तिच्याकडं."

नाथाजी हा वीरधवलचा ड्रायव्हर. सतरा वर्षं लष्करात गाड्या चालवून आलेला, मिशा पिळदार, बुटांना पॉलिश. तो मायापुढे सावधान उभा राहिला.

"गाडीला कुणी हात लावला होता?"

"कुनी न्हाई, मॅडम. किल्ली माझ्याकडं. रोज सकाळी सहाला फर्स्ट परेड. तेल, पानी, हवा, लायटी. आर्मीतली सवय. त्याबिगर गाडीला हात लावू देत न्हाई मी कुनाला."

"म्हणजे काही बदललं, खोललं?"

"नट सुदिक हलवला न्हाई. आईशप्पत."

तो खोटं बोलत नव्हता. मायाला माणसांपेक्षा द्रावणं जास्त कळत असत, पण एवढं कळत होतं.

वारा सुटला होता. शेडच्या बाजूला लावलेल्या हिरव्या जाळीचे पडदे फडफडत होते. एक सोडून. कोपऱ्यातला पडदा खाली ओढून धरल्यासारखा सरळ लोंबत होता. माया जवळ गेली आणि तिनं जाळीची खालची कड उचलली.

सुतळीनं शिवून टाकलेली, दुहेरी कड्यांची, तेलकट, दीड हात लांबीची चेन तिथे चमकत होती.

३

"आवं, म्याच बांधली ती," शेड सांभाळणाऱ्या बनुबाई म्हणाल्या. पदरात हात पुसत त्या पुढे आल्या. "पोत्यात भंगार हुतं डिकीत. नाथाजी म्हणला, काढून ठेव, डिकी घान हुती. जाळी उडायची, म्हणून वजनाला घेतली. बाकीचं पोतं त्या क्रेटीमागं हाय. का वं? चोरीची हाय का काय?"

"हिच्यावरून तर एकावर चोरीचा आळ आलाय, बनुबाई."

वीरधवलनं चेन हातात घेतली आणि परत टाकली. "कुठल्याही गाडीची असेल. मिस्त्रीकडं भंगाराला काय तोटा?"

माया चेन पिशवीत घालून सांगलीला परतली.

राजवर्धनचं वर्कशॉप झकपक होतं. फरशीवर तेलाचा डाग नाही आणि भिंतीवर तपासणीची यंत्रं ओळीनं टांगलेली. लाल गाडी मधोमध उभी होती. राजवर्धन तिशीतला, गोरागोमटा, बोलण्यात कुणाचा अपमान होतोय हे लक्षात न येणारा.

"केरबा मिस्त्री ना? जुनी खोडं आहेत ती. हातानं चालतं तोवर ठीक."

"तुम्ही कशानं तपासलंत?"

"या गाडीला कॉम्प्युटर कुठला? कानानंच."

"म्हणजे जुन्या खोडांसारखंच," माया शांतपणे म्हणाली.

राजवर्धनचे कान लाल झाले. पण पोरगा मनाचा कोता नव्हता. मायानं चेन टेबलावर ठेवली तसा तो पुढे सरला. त्यानं कड्या मोजल्या, दोनदा मोजल्या. तीन कड्यांवर तांबूस खुणा होत्या. त्या त्यानं कंपनीच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिल्या. मग चेन आडवी धरून एक टोक सोडलं. झिजलेल्या चेनी लोंबतात तशी ती कमानीसारखी वाकली.

"ही ह्याच इंजिनाची," तो हळूच म्हणाला. "जुनी. पार गेलेली."

"मग आत आहे ती?"

राजवर्धननं इंजिनाच्या वरचं तेल ओतायचं झाकण काढलं, खालचा दांडा पान्यानं फिरवून खुणेवर आणला आणि टॉर्च लावून आत पाहिलं. तिथून वरच्या दांड्यावरची खूण दिसते. चेन झिजून लांबली असेल तर ती खूण मागे पडते.

"केसाचाही फरक नाही," तो म्हणाला. "मॅडम, चेन नवी आहे. आणि इतकी अचूक बसवलीय की मी अशी बसवू शकलो नसतो कदाचित."

"मग वाजतंय काय?"

"चेनच. चेन नवी, पण सैल. टेन्शनर तिला धरत नाहीये. तो तेलाच्या दाबावर चालतो. पण तेल कमी असतं तर मला कळलं असतं, मी पहिल्यांदा तेच बघितलं. उलट तेल भरपूर आहे. मापायच्या कांडीवर वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर."

"काय म्हणालात?"

"दोन बोटं वर."

मायानं फोन काढला आणि आष्ट्याला लावला. "मामा, गाडी दिलीत तेव्हा तेल कुठपर्यंत होतं?"

"वरच्या खुनंला. बरुबर. गनपतीफुडचा मोदक ठेवावा तसं."

"आता दोन बोटं वर आहे."

पलीकडून मिस्त्री म्हणाले, "इंजिन तेल पितं, पोरी. ओकत न्हाई."

४

जे वाढलं ते बाहेरून आलं. इथपर्यंत माया वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्याच आली. पण जुन्या गाड्यांत बाहेरून येण्याची एक वाट आतूनच असते. पेट्रोल झिरपून तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि वाढतं. तसं असेल तर दोष पुन्हा मिस्त्रींकडेच जाणार, कारण पेट्रोलची नळीही त्यांनीच जोडली होती.

राजवर्धननं पिचकारीनं बाटलीभर तेल काढून दिलं. शनिवारी दुपारी कॉलेजची प्रयोगशाळा रिकामी होती. मायानं तीन नमुने केले. एक मिस्त्रींच्या अर्ध्या कॅनमधलं कोरं तेल. दुसरं तेच तेल, त्यात मुद्दाम पेट्रोल मिसळलेलं. तिसरं गाडीचं.

आधी तिन्ही तेलं सारखीच तापवून एका बारीक नळीतून सोडली आणि वेळ मोजला. कोऱ्या तेलाला शहाण्णव सेकंद लागले. गाडीच्या तेलाला एक्केचाळीस. तिनं दोन्ही आकडे वहीत लिहिले. खडखडीचं कारण इथेच होतं. थंड असताना हे तेल कसंबसं दाट राहत होतं आणि टेन्शनर चेनीला धरत होता. पन्नास-साठ किलोमीटर पळून तापलं की पाण्यासारखं पातळ व्हायचं, दाब पडायचा, टेन्शनर ढिला आणि चेन मोकळी. रेस केली की पंप जोरात फिरून दाब थोडा वाढायचा, म्हणून आवाज कमी. वीरधवलनं सांगितलेली एकूण एक गोष्ट जागच्या जागी बसत होती.

मग नमुने वजन करून उकळत्या पाण्यावर दोन तास ठेवले. पेट्रोल असेल तर उडून जाईल आणि वजन घटेल. पेट्रोल मिसळलेल्याचं वजन घटलं. गाडीच्या तेलाचं मात्र तसूभरही नाही.

म्हणजे पेट्रोल नव्हे. मिस्त्रींची नळी निर्दोष. पण मग तेलात मिसळणारं, पातळ, उडून न जाणारं असं काय?

तिनं बाटली नाकाशी नेली. वास ओळखीचा होता, पण या खोलीतला नव्हता. गोडसर, साबणासारखा, तेलकट. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या वर्गातली तासगावकडची मुलं घरच्या कामाला म्हणून दांडी मारत आणि परत येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना असा वास असे.

तिनं कपाटातून पोटॅशियम कार्बोनेटची बरणी काढली. चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली. त्यात आधी कोरं तेल घालून हलवलं. ते वर तरंगलं, वेगळं झालं. मग दुसऱ्या काचनळीत तसंच पाणी घेऊन गाडीचं तेल घातलं, नळीला बूच लावलं आणि हलवलं.

नळी दुधासारखी पांढरी झाली आणि तशीच राहिली.

माया स्टुलावर बसली. आता तिला काय ते कळलं होतं. कोण ते कळायचं होतं आणि ते कळावं असं तिला फारसं वाटत नव्हतं.

५

रविवारी सकाळी राजवर्धनच्या वर्कशॉपमध्ये सगळे जमले. वीरधवल हाताची घडी घालून उभा होता. नाथाजी दाराशी. बनुबाईंना मायानं फोन करून शेडच्या फळीवरचे तेलाचे कॅन आणायला सांगितलं होतं, म्हणून त्या तीन कॅन घेऊन आल्या होत्या. मिस्त्रींना तिनं स्वतः स्कूटरवर मागे बसवून आणलं होतं. ते गाडीकडे न बघता खुर्चीत बसले होते.

राजवर्धननं आधी जुनी चेन दाखवली, मग झाकण काढून खूण दाखवली. "पाटील, मी चुकलो. नवी चेन आत आहे. टेन्शनरची पिनही निघालेली आहे, नाहीतर गाडी थंड असतानाच बोंबलली असती."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. "काढली हुती तर," ते स्वतःशीच म्हणाले.

"मग माझी गाडी वाजली का?" वीरधवलनं विचारलं.

मायानं पांढरी नळी टेबलावर ठेवली. "पाटील, हे काय आहे?"

वीरधवलनं बघितलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. द्राक्षं पिकवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. "हे तर डिपिंग ऑईल. बेदाण्याची द्राक्षं बुडवतो ते. पाण्यात पोटॅश आणि हे टाकलं की असंच दूध होतं. साल सुटते, माल लवकर वाळतो."

"हे तुमच्या इंजिनातून निघालंय. दीडेक लिटर."

वीरधवलचा आवाज चढला. "कुणी घातलं? माझ्या शेडात माझ्याच गाडीवर उठलंय कोण?"

"जरा थांबा. घालणाऱ्याला आधी तेल कमी दिसायला हवं. गाडी आठ दिवस उतारावर होती, तोंड वर करून. तेल मापायची कांडी या इंजिनाच्या पुढच्या अंगाला आहे. तोंड वर म्हटल्यावर तेल मागे पळतं आणि पुढे कांडीला कमी लागतं. तेल पुरेसंच होतं. पण रोज सकाळी सहाला कांडी बघणाऱ्याला ते कमी दिसलं."

नाथाजी एक पाऊल पुढे आला. "म्याच वतलं. पर इंजिन ऑईल वतलं, मॅडम! ट्रॅक्टरच्या ऑईलचा कॅन हुता. हिरवा. ह्योच." त्यानं बनुबाईंच्या हातातला कॅन दाखवला.

बनुबाईंनी तोंडावर पदर घेतला. "आगं आई! त्यो तर शेजारच्या भाऊसोंचा कॅन. गेल्या हंगामात आमचं डिपिंग ऑईल उसनं नेलं, तवा माघारी देताना ह्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या कॅनात दिलं. समदीच देत्यात तसं, जो कॅन घावंल त्यात. म्या इसरू नये म्हणून मुठीला तांबडं फडकं बांधलं हुतं. त्ये कुटं गेलं?"

नाथाजीनं खाली मान घातली. "कांडी पुसाया सोडलं."

राजवर्धनला हसू आवरलं नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, तसं ते आपोआप विरलं.

"काल मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस, नाथाजी?" माया म्हणाली. पण विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. तिनं गाडीला हात कुणी लावला, काय खोललं, असं विचारलं होतं. जनावराला पाणी दाखवलं म्हणजे कुणी जनावराला हात लावला असं सांगत नाही.

पण नाथाजीकडे आणखी एक उत्तर होतं. "मालकास्नी कळू द्यायचं न्हवतं," तो म्हणाला. "तेल कमी दिसलं तवा वाटलं, मिस्त्रींनी वय झाल्यामुळं कमी घातलं असंल. मालक बोलत्याल. जीपवर गाडी चालवाया मला मिस्त्रींनी शिकिवलं, त्या लायसनवर मी आर्मीत ड्रायव्हर झालो. माझ्या पोरांचं शिक्षान, घर, समदं त्याच्यावर. म्हटलं, गपचूप भरावं, त्यांचं नाव ऱ्हाईल." त्यानं मिस्त्रींकडे बघितलं आणि त्याचा आवाज फुटला. "आन् म्याच घालिवलं."

सगळे मिस्त्रींकडे पाहू लागले. मिस्त्री खुर्चीतून उठले. ते आधी गाडीपाशी गेले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि मग नाथाजीपाशी आले.

"किती वतलंस?"

"दीड लिटर."

"येड्या, उतारावर तेल बघत्यात व्हय? आर्मीनं येवढंबी शिकिवलं न्हाई?" त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला. "पर बरं झालं बघ. शिकिवल्यालं समदं इसरलास, मला न्हाई इसरलास. उपकार हायती तुजं."

नाथाजीला रडू आवरेना. मिस्त्री वीरधवलकडे वळले. वीरधवलनं अंग आक्रसलं. भर सौद्यात चोर म्हटलेला माणूस समोर येत होता आणि त्याला जे बोलायचं असेल ते बोलायचा हक्क होता.

मिस्त्रींनी हात जोडले.

"पाटील, तुमचंबी लय उपकार."

"माझे?"

"साताऱ्यात आवाज वाढला, तवा तुमी गाडी तशीच माघारी पळवली न्हाई. किल्ली काढली, ट्रकात घातली. असल्या पातळ तेलावर आनखी शंभर किलोमीटर गेला असता तर इंजिन चिटकलं असतं. चार म्हैन्यांचं काम गेलं असतं. तुमच्यामुळं वाचलं."

वीरधवल गाडीच्या पलीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. तिकडूनच म्हणाला, "मिस्त्री, उद्या सौद्याला याल का?"

"मी कशाला? माजा कुटं बेदाना हाय?"

"या. माझ्यासाठी नको, पण या."

दुपारपर्यंत राजवर्धननं आणि मिस्त्रींनी मिळून सगळं तेल काढलं, गाळणी बदलली, दोनदा नवं तेल फिरवलं. राजवर्धन आता पाने पुढे करत होता आणि मध्येच "हे असं का, मामा?" असं विचारत होता. मिस्त्रींची नखं काळी झाली. संध्याकाळी वीरधवल गाडी घेऊन एकटाच साताऱ्याच्या रस्त्याला लागला. रात्री मायाला त्याचा फोन आला. कराडला चौकात मुद्दाम दहा मिनिटं गाडी चालू ठेवून थांबलो, एवढंच त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "वहिनी बसल्या."

६

सोमवारी तासगावच्या सौद्याच्या हॉलमध्ये नेहमीसारखा गलका होता. व्यापारी बेदाणा मुठीत घेऊन दाबत होते, दाताखाली धरत होते, भावावरून हुज्जत घालत होते. माया आणि मिस्त्री मागच्या बाकावर बसले होते. मिस्त्रींना अवघडल्यासारखं झालं होतं. काही लोक वळून बघत होते आणि आपसांत कुजबुजत होते.

पहिला माल पुकारायच्या आधी वीरधवल पुढे जाऊन उभा राहिला. त्यानं माईक घेतला नाही. त्याला माईकची गरज कधी पडली नव्हती.

"गुरुवारी ह्याच जागी मी केरबा मिस्त्रींना चोर म्हणालो. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, गावभर सांगितलं. आता हेही ऐका आणि हेही सांगा. मिस्त्रींनी नवी चेन घातली. नीट घातली. माझ्याच शेडातलं डिपिंग ऑईल माझ्याच माणसाच्या हातून इंजिनात गेलं. चोर कुणी नव्हता. जीभ माझी घसरली. मिस्त्री मागं बसलेत. त्यांच्यापुढं मी मान खाली घालतो."

त्यानं खरंच मान खाली घातली. हॉलमध्ये एवढी शांतता कधी नसे. मग मधल्या रांगेतून भाऊसो उठले, तेच उसनं तेल परत देणारे शेजारी.

"पाटील, कॅन माझा हुता! मलाबी मान खाली घालू द्या की!"

हशा पिकला. कुणी शिट्टी मारली, कुणी मिस्त्रींना हात केला. एकजण ओरडला, "मिस्त्री, माझा ट्रॅक्टर सहा म्हैने कन्हतोय, कवा आणू?" दुसऱ्यानं त्याला खाली ओढलं, "तू न्हवं का म्हणत हुतास गुरुवारी, मला आधीच म्हाईत हुतं म्हणून? बस खाली!"

मिस्त्री हलले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसून होते. गलका जरा ओसरला तसे ते मायाकडे झुकले.

"काय म्हणला गं पाटील? गडबडीत नीट समजलं न्हाई."

वीरधवल बोलत असताना हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मायाला ते माहीत होतं. ती उठून उभी राहिली. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिनं सांगितलं, "म्हणाले, मिस्त्रींनी नवी चेन घातली. नीट घातली."

पुढच्या चार रांगा वळून बघू लागल्या.

"आनि?" मिस्त्रींनी विचारलं.